परदेशातल्या नोकरीचा इंटरव्ह्यू आहे, तयारी नेमकी कशाची करू?

मोजपट्टी:

नमस्कार मंडळी. मी मशीनिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. जर्मनीतल्या एका कंपनीत अर्ज टाकला होता, तिकडून मेल आलाय की पुढच्या गुरुवारी व्हिडिओ कॉलवर पहिला राउंड, पाऊण तास, इंग्रजीतून, एचआरची एक बाई आणि प्लांटचा मॅनेजर असे दोघं असणार. मेल वाचून आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला, कारण आत्तापर्यंत मी दोनच इंटरव्ह्यू दिलेत आणि दोन्हीकडे ओळखीतून गेले होते, "कधीपासून येतेस" एवढंच विचारलं होतं.

आठवडाभर व्हिडिओ बघून शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ करतेय पण ती उत्तरं माझी वाटतच नाहीत. काल स्वतःबद्दल सांगायचं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं, दीड मिनिटात संपलं आणि त्यातलं एक मिनिट नुसतं शिक्षण. रिपोर्ट सगळे इंग्रजीतच लिहिते, बोलायची सवय मात्र कमी आहे.

सीव्हीत मी रिजेक्शन कमी केल्याचं लिहिलंय, त्यावर विचारणार हे नक्की. उत्तर असं लिहून ठेवलंय: "आमच्या टीमने ॲल्युमिनियम हाउसिंगच्या लाइनवर प्रोसेस सुधारून रिजेक्शन कमी केलं आणि कस्टमरने त्याचं कौतुक केलं." हे चालेल का? आणि एका आठवड्यात नक्की कशावर जोर देऊ, इंग्रजीवर की टेक्निकलवर?

दूरचा_दिवा:

अभिनंदन. मी बाहेर येऊन नऊ वर्षं झाली आणि गेली चार वर्षं मी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून जे रोज दिसतं ते सांगतो.

तुझं उत्तर दोनदा वाचलं, त्यात तू कुठेच नाहीस. टीम आहे, लाइन आहे, कस्टमर आहे, पण तू काय केलंस ते मला कळलं नाही. आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच चांगल्या उमेदवारांचं इथेच अडतं, इंग्रजीवर नाही. मी-मी करू नये असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, त्यामुळे स्वतः रात्री थांबून शोधलेला दोष पण माणूस "आम्ही शोधला" असं सांगतो, आणि समोरच्याला वाटतं हा नुसता टीममध्ये होता. ते टीमला घेणार नाहीयेत, एका माणसाला घेणार आहेत. टीमचं श्रेय काढून घेऊ नकोस, फक्त तुझा वाटा वेगळा काढून सांग.

दुसरं म्हणजे प्रमाण. स्टार पद्धत तू व्हिडिओत बघितली असशीलच, परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल. पद्धत चांगलीच आहे पण लोक परिस्थिती सांगण्यात दोन मिनिटं घालवतात, कंपनी कधीची, कस्टमर कोण, लाइन किती मोठी, आणि कृती एका वाक्यात उरकतात. ते उलट कर. परिस्थिती दोन वाक्यांत, आणि सगळा वेळ तू काय पाहिलंस, काय वाटलं, कसं तपासलंस यावर.

शंभर प्रश्नांची यादी बाजूला ठेव. तुझ्या कामातल्या चार-पाच गोष्टी निवड ज्या तुला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील. एक दोष शोधल्याची, एक चूक झाल्याची, एक कोणाशी मतभेद झाल्याची, एक घाईत निर्णय घ्यावा लागल्याची. प्रश्न कसाही फिरवून आला तरी उत्तर यातल्याच एकात असतं.

आता हाउसिंगचं काय झालं होतं ते इथे मराठीतच लिही, जसं घडलं तसं. इंग्रजीचं नंतर बघू.

मोजपट्टी:

दादा थँक्यू, हे वाचून खरंच धस्स झालं कारण ते काम जवळजवळ मीच केलं होतं.

झालं असं की हाउसिंगमध्ये, म्हणजे पार्टच्या बाहेरच्या कवचात, ८० मिमीचं बोअर (गोल भोक) आहे, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). ऑपरेटर मशीनजवळ बोअर गेजने मोजायचा, ओके यायचं, आणि तोच पीस सीएमएमवर, म्हणजे वेगळ्या खोलीतल्या अचूक मोजणाऱ्या मशीनवर गेला की अंडरसाइज, बोअर लहान. टूल बदलून झालं, इन्सर्टची कंपनी बदलून झाली, गेज खराब आहे म्हणून ते कॅलिब्रेशनला पाठवून झालं, काही फरक नाही. मी तीन आठवड्यांचे रिजेक्शनचे कागद घेऊन बसले आणि त्यात दिवसाची वेळ बघितली तर सकाळच्या पहिल्या दोन तासांत जवळपास काहीच नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर वाढत जातं. कूलंटच्या, म्हणजे कटिंग थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या टाकीला हात लावला तर कोमट. मग डोक्यात आलं की पीसच गरम असताना मोजतोय. मी दहा पिसांवर मार्करने नंबर टाकले, मशीनवरून काढल्या काढल्या मोजले, तापमान घेतलं, ३५ अंशांच्या आसपास होतं, मग दोन तास सीएमएमच्या खोलीत ठेवून परत मोजले. दहाच्या दहा बोअर आकसले होते.

पीस थंड करून मोजा असं सांगितलं तर प्रॉडक्शनवाले म्हणाले अर्धा तास थांबलो आणि तेवढ्यात टूल गेलं तर तितके सगळे पीस वाया, आणि ते बरोबरच होतं त्यांचं. म्हणून मग गरम पिसासाठी वेगळ्या लिमिट काढून तक्ता मशीनवर लावला आणि तासाला एक पीस पूर्ण थंड करून मोजायचा असं ठरवलं. शंभरात चार जायचे ते एकाच्या खाली आले.

दूरचा_दिवा:

अगं हे असलं हातात असताना तू "प्रोसेस सुधारून" लिहून बसली होतीस!

हेच सांगायचं. वेळेप्रमाणे कागद लावून बघितलेस, टाकीला हात लावलास, दहा पिसांवर नंबर टाकलेस, या तीन गोष्टी ऐकल्यावर प्लांट मॅनेजर खुर्चीत पुढे सरकून बसेल, कारण या गोष्टी केलेल्या माणसालाच माहीत असतात. प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं हे पण नक्की सांग. मतभेदाचा प्रश्न आला की हीच गोष्ट त्या बाजूने सांगता येते.

आकडा मात्र तोंडावर असू दे. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, तुझा पीस ३५ला, म्हणजे १५ अंशांचा फरक, ८० मिमीला साडेसत्तावीस मायक्रॉन. तुझी पूर्ण टॉलरन्सच ३०ची. हे एक वाक्य बोललीस की बाकी काही पटवून द्यावं लागत नाही. आणि मास्टर रिंग, म्हणजे ज्या ठरावीक मापाच्या रिंगवर बोअर गेज सेट करतात ती, कुठे ठेवलेली असायची, तिचं तापमान काय, हे आठवून ठेव, मी असतो तर तेच विचारलं असतं.

इंग्रजीचं सांगायचं तर पाठ करू नको. रोज एकदा हीच गोष्ट मोठ्याने इंग्रजीत सांग, दर वेळी वेगळ्या शब्दांत आली तरी चालेल, रेकॉर्ड कर आणि ऐक. चौथ्या दिवशी अडखळणं आपोआप कमी होतं. प्रश्न समजला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नको, "मला असं समजलंय की तुम्ही अमुक विचारताय, बरोबर ना?" असं विचारून घे, इथे त्यात कमीपणा मानत नाहीत, उलट क्वालिटीच्या माणसाने विचारून घ्यावं हीच अपेक्षा असते. आणि सर, मॅडम म्हणू नको. त्यांनी नावाने ओळख करून दिली तर नावाने, नाहीतर मिस्टर किंवा मिझ (Ms.) लावून आडनाव.

नाईटशिफ्ट:

मी नर्स आहे, यूकेत येऊन पाच वर्षं होतील. क्षेत्र वेगळं आहे पण दूरचा_दिवा म्हणतात ते आमच्याकडे पण शंभर टक्के खरं आहे म्हणून लिहितेय, नर्सिंगवाल्या कोणी वाचत असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

मी इंटरव्ह्यूला औषधांचे डोस, प्रोसिजर, सगळं पाठ करून गेले होते. भाषेच्या परीक्षेत, म्हणजे एनएमसीला (तिकडची नर्सची नोंदणी करणारी संस्था) लागणारे आयईएलटीएसचे ७ बँड आणि रायटिंगला साडेसहा, त्यात इतकी दमले होते की वाटलं आता उरलंय ते सोपंच. पहिलाच प्रश्न आला, डॉक्टरने चार्टवर लिहिलेला डोस तुला चुकीचा वाटतोय, डॉक्टर घाईत आहेत आणि म्हणाले दे, तू काय करशील. मी गप्पच झाले. आधी जिथे काम केलं तिथे असं बोलायची सोयच नव्हती. त्यांना ऐकायचं असतं की तू थांबशील, परत विचारशील, फार्मासिस्टला किंवा वॉर्डच्या इन्चार्जला सांगशील आणि ते लिहून ठेवशील. त्या दिवशी मला ते नीट सांगता आलं नाही आणि सिलेक्शन झालं नाही, दुसऱ्या हॉस्पिटलच्या वेळी झालं.

दुसऱ्या वेळी मी एक केलं, माझ्या खऱ्या पेशंटच्या तीन गोष्टी त्यांच्या साच्यात बसवून ठेवल्या. पेशंट बिघडतोय तर आधी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण या क्रमाने बघणार, न्यूज टू चा स्कोअर (पेशंट किती बिघडलाय ते नाडी, बीपी, श्वास वगैरेंवरून सांगणारा आकडा) काढणार, ७ किंवा जास्त असेल तर इमर्जन्सी टीमला बोलावणार, आणि फोनवर एसबीएआरने सांगणार, म्हणजे आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. हे शेवटचं, "मला काय हवंय" ते सांगणं, मला सगळ्यात जड गेलं. वरिष्ठांना असं थेट सांगायचा सराव मी बहिणीला समोर बसवून केला.

मोजपट्टी ताई, तुमच्या ऑपरेटर आणि प्रॉडक्शनच्या गोष्टीत हेच आहे बघा, तुम्ही त्यांच्यासमोर बोललात.

पूर्वरंग:

सगळे मोठं सांगतायत, मी एक बारकी गोष्ट सांगतो जिच्यामुळे माझी एक संधी गेली. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ला इंटरव्ह्यू होता, मार्च महिना. आदल्या आठवड्यात त्यांच्याशी बोलणं झालं होतं ते आपल्या साडेसातला, म्हणून मी साडेसातला शर्ट घालून लॅपटॉप उघडून बसलो. मधल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे गेली होती, म्हणजे माझा इंटरव्ह्यू साडेसहाला होता. ते वीस मिनिटं वाट बघून निघून गेले, मी माफीचा मेल केला, उत्तर नाही आलं. अजून वाईट वाटतं.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे मनात हिशेब करू नका, कॅलेंडरचं इन्व्हाइट ॲक्सेप्ट करा आणि कन्फर्मेशनच्या मेलमध्ये दोन्हीकडची वेळ लिहा, चुकली असेल तर तेच सांगतील.

तारखेचं पण तसंच, ०४/०५ म्हणजे कोणी ४ मे वाचतं कोणी ५ एप्रिल, सीव्हीत महिना अक्षरात लिहा. आणि लिंकचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशी उघडून माइक तपासा, ऐनवेळी अपडेट मागतं.

कोरा_कागद:

पगाराचं कोणी बोललं नाही अजून. पहिल्या राउंडलाच एचआर अपेक्षा विचारते, तेव्हा "कंपनी देईल ते" असं म्हणू नका, तयारी नाही असा अर्थ होतो. जर्मनीत आकडा वर्षाचा आणि कर कापण्याआधीचा सांगतात, म्हणजे ब्रुटो. हातात येतो तो नेटो, त्यात कर, पेन्शन, आरोग्य विमा हे सगळं गेलेलं असतं आणि फरक मोठा असतो. नेटवर ब्रुटो-नेटो कॅल्क्युलेटर आहेत, त्यात टाकून बघा, त्या शहरातलं घरभाडं बघा, मग स्वतःचा आकडा ठरवा. आत्ताच्या पगाराला चलनाच्या भावाने गुणून आकडा काढू नका, मी तसाच काढला होता आणि पहिलं वर्षभर खूप ओढाताण झाली.

खालची मर्यादा पण माहीत असू द्या. ईयू ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिकडच्या राहण्या-कामाच्या परवान्याला, २०२५ साली जर्मनीत वर्षाला ४८,३०० युरो लागायचे आणि कमतरता असलेल्या क्षेत्रांना, ज्यात इंजिनिअर येतात, ४३,७५९.८० युरो. दर जानेवारीत हा आकडा बदलतो, तेव्हा चालू वर्षाचा बघून घ्या. ऑफर याच्या खाली असली तर ब्लू कार्ड मिळत नाही, म्हणून पगाराच्या बोलण्यात हे डोक्यात असलेलं बरं. आणि ॲनाबिन नावाच्या त्यांच्या डेटाबेसमध्ये तुमचं विद्यापीठ एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि तुमची पदवी तिथे आहे का ते आत्ताच बघा. पदवी तिथे सापडली नाही तर तुलनेचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्याला वेळ जातो. एचआरने विचारलं आणि तुम्ही "बघून ठेवलंय, एच प्लस आहे" म्हणालात की तिचं अर्धं टेन्शन जातं, कारण व्हिसात अडकणारा माणूस त्यांना नको असतो.

नोटीस पिरियड खरा सांगा. तीन महिन्यांचा असेल तर तीनच सांगा. तिकडे पण लांब नोटीस असतात, कोणी नाक मुरडत नाही, पण एक महिना सांगून तीन लावले तर विश्वास जातो.

मोजपट्टी:

ॲनाबिन बघितलं, विद्यापीठ एच प्लस आहे आणि पदवी पण सापडली, हुश्श.

अजून एक विचारायचंय, थोडं संकोच वाटतोय. माझं लग्न ठरलंय. लग्न, मूलबाळ, नवरा येणार का असं विचारलं तर काय सांगू? खोटं बोलायचं नाहीये, पण सांगितल्यामुळे नोकरी जायला नको.

कोरा_कागद:

संकोच कशाला, हा महत्त्वाचाच प्रश्न आहे. जर्मनीत गरोदर आहात का, मूल कधी हवंय, असे प्रश्न विचारायला कायद्याने परवानगी नाही, आणि कोणी विचारलंच तर खरं सांगायचं बंधनही तुमच्यावर नाही. भेदभावाविरुद्धचा कायदा २००६ पासून आहे. सीव्हीत लग्नाचा रकाना असेल तर काढून टाका. फोटो लागत नाही, काही लोक अजून लावतात, तुमची मर्जी. यूके आणि अमेरिकेच्या सीव्हीत तर फोटो, जन्मतारीख, लग्न यातलं काहीच घालत नाहीत.

नवरा सोबत येणार का हे बऱ्याचदा एचआर सामानाच्या आणि व्हिसाच्या मदतीसाठी विचारते, ते पण ऑफरनंतर. तेव्हा मोकळेपणाने बोला, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथे काम करता येतं, ते तुम्हालाच माहीत असलेलं बरं.

नाईटशिफ्ट:

मध्येच एक, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. इंटरव्ह्यूच्या आधी किंवा ऑफरसाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. माझ्या मैत्रिणीकडून एका एजंटने "इंटरव्ह्यूची फी" म्हणून पैसे घेतले, इंटरव्ह्यू पण झाला, ऑफर लेटर पण आलं, आणि हॉस्पिटलला थेट मेल केला तर त्यांना काही माहीतच नव्हतं. यूकेसाठी स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी साइटवर सगळ्यांना बघता येते, नाव तिथे आहे का बघा आणि मेलचा पत्ता कंपनीच्या खऱ्या डोमेनचा आहे का तेही बघा.

मोजपट्टी:

काल झाला इंटरव्ह्यू!! रात्री झोपच आली नाही, आत्ता सवडीने लिहितेय.

एचआरने दहा मिनिटं घेतली, इथेच का यायचंय, नोटीस किती, पगार किती. मी आकडा सांगितला, तिने लिहून घेतला, बास. मग मॅनेजर. त्याने सीव्हीवर बोट ठेवल्यासारखं थेट रिजेक्शनचंच विचारलं. मी दुपारनंतर वाढायचं तिथून सुरुवात केली, कूलंटच्या टाकीवर आले तर तो हसला आणि म्हणाला पुढे सांग. साडेसत्तावीस मायक्रॉन म्हणाले तेव्हा त्याने स्वतः कागदावर हिशेब केला, मला कॅमेऱ्यात पेन हलताना दिसत होतं.

मग त्याने विचारलं मास्टर रिंग कशाची होती. मी म्हटलं स्टीलची, सीएमएमच्या खोलीत ठेवलेली असते, शिफ्टच्या सुरुवातीला शॉपमध्ये आणतात. तो म्हणाला मग दिवसभरात रिंग पण गरम होणार, पण स्टील ॲल्युमिनियमच्या निम्मंच वाढतं, याचा विचार केला होतास का? दादा, खरं सांगते, केला नव्हता. एक क्षण वाटलं काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. मग म्हणाले की नाही, रिंगचा वेगळा विचार मी तेव्हा केला नव्हता, पण गरम पिसाच्या लिमिट मी हिशेबाने नाही तर दहा पीस प्रत्यक्ष त्याच गेजने मोजून काढल्या होत्या, त्यामुळे त्या वेळी रिंगमुळे जो फरक होता तो त्यात आला, फक्त रिंगचं तापमान वेगळं असेल त्या दिवशी तो बदलेल. आज करायचं झालं तर रिंग त्याच ॲल्युमिनियमची करून पिसांच्या शेजारीच ठेवीन. तो "गुड" म्हणाला आणि काहीतरी लिहीत राहिला. दोनदा प्रश्न समजला नाही, दोन्ही वेळा विचारून घेतला.

आज दुपारी मेल आला, दुसरा राउंड १० दिवसांनी. एक ड्रॉइंग देणार आणि एका तासात कंट्रोल प्लॅनचा, म्हणजे कोणतं माप कसं आणि कधी तपासायचं त्या तक्त्याचा, कच्चा आराखडा करून समजावून सांगायचाय. असा राउंड कोणी दिलाय का?

दूरचा_दिवा:

वा! रिंगचं जे उत्तर दिलंस त्याच्यामुळेच पुढचा राउंड आला असं मला वाटतं.

मी असा राउंड घेतलाय. ड्रॉइंग हातात आलं की लगेच तक्ता भरायला बसू नको, पहिली दहा मिनिटं नुसतं वाच. हा पार्ट कुठे बसतो, कोणतं माप चुकलं तर गाडी थांबेल, डेटम, म्हणजे जिथून मापं धरतात त्या बाजू, कुठे आहेत. खास चिन्ह लावलेली मापं आधी घे, बाकीची नंतर, वेळ उरला तर. ड्रॉइंगवर एखादी गोष्ट मुद्दाम अर्धवट ठेवलेली असू शकते, शंका आली तर विचार. प्रत्येक मापासमोर कशाने मोजणार, किती वेळाने मोजणार आणि बाहेर गेलं तर काय करणार हे तीन रकाने रिकामे सोडू नको, लोक तिसरा नेहमी सोडतात. आणि तासातली शेवटची पंधरा मिनिटं बोलण्यासाठी राखून ठेव, आराखडा अर्धा राहिला तरी चालेल.

उद्यापासून रोज एक ड्रॉइंग घे, तुमच्याच कंपनीतलं नको, नेटवरचं कुठलंही, आणि घड्याळ लावून कर. अडलं की मला सांग.